कारखाना, सेवासंस्था आणि कामगार

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें निघालें म्हणजे भीमा ओलांडल्यावर, पुण्यापासून सुमारें ५० किलोमीटरवर, रांजणगांव लागतें. अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें हें क्षेत्र असल्यामुळें त्याचें नांव महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक आहे. गेल्या तीसएक वर्षांत ह्या नांवाला दुसरीहि एक ओळख लाभली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें येथें वसविलेल्या वसाहतींत शीतकपाटें, दूरचित्रवाणी-संच, मोटारी व त्यांचे सुटे भाग तयार होतात. शिरूर तालुका मूळचा कमी पावसाचा. ज्या कोरडवाहू शिवारांत बाजरीचें पीकहि आभाळाच्या भरंवशावर असे, तेथें आज पाळ्यापाळ्यांनीं यंत्रें चालतात.

ह्या आणि अशा इतर वसाहतींत अलीकडे एक नवा प्रघात रूढ होत चालला आहे. कारखाना एखाद्या सेवासंस्थेशीं हात मिळवितो आणि आपल्या नोकरवर्गाला त्या कामांत सामील होण्यास सांगतो. कोठें रक्तदानाचें शिबिर भरतें, कोठें झाडें लावलीं जातात; कोठें जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंती रंगवितात, तर कोठें पूरग्रस्तांसाठीं एक दिवसाचें वेतन दिलें जातें. कामें चांगलीं आहेत ह्यांत शंका नाहीं. तथापि, ही सेवा नक्की कोणाची, कंपनीची कीं आमची, असा प्रश्न कामगारांच्या बोलण्यांत अधूनमधून ऐकूं येतो. हा प्रश्न क्षुल्लक समजून हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. महाराष्ट्रांत तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचीं कांहीं उत्तरें इतिहासानें देऊनहि ठेविलीं आहेत. त्या इतिहासाकडे आज आपण थोडें वळूं.

आरंभ नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्यापासून करणें उचित होईल. त्यांचें मूळ गांव खेड तालुक्यांतील कन्हेरसर. म्हणजे शिरूर तालुक्याच्या शेजारचेंच. महात्मा फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. मुंबईस गिरणींत नोकरी केल्यामुळें गिरणीकामगारांचें जिणें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. १८८० सालापासून त्यांनीं ‘दीनबंधु’ पत्र मुंबईहून चालविलें. १८८४ सालीं कामगारांची सभा भरवून त्यांनीं ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची एक सुट्टी होती, दुपारची अर्धा तास विश्रांति होती, आणि कामावर जखमी झालेला मनुष्य बरा होईपर्यंत त्यास वेतन मिळावें हेंहि होतें. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. भयभीत होऊन लोक शहर सोडून पळूं लागले. लोखंडे मागें राहिले. रुग्णांच्या शुश्रूषेची व्यवस्था करीत असतां त्यांना स्वतःलाच प्लेगनें गांठलें आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला.

लोखंडे ह्यांच्या चरित्रांत हक्क मागणारा आणि सेवा करणारा असे दोन वेगळे पुरुष दिसत नाहींत. कामगारासाठीं विश्रांति मागणारा मनुष्यच संकटकाळीं शेजाऱ्याच्या उशाशीं बसला. हक्क मागणारा कामगार सेवेला पराङ्मुख असतो, हा समज त्यांच्या उदाहरणापुढें टिकत नाहीं.

कारखाना व सेवासंस्था ह्यांचें खरें साहचर्य मात्र त्यानंतर पंधरावीस वर्षांनीं सुरू झालें. नामदार गोखले ह्यांनीं १२ जून १९०५ रोजीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. चार वर्षांनीं त्यांत एक तरुण शिक्षक दाखल झाला. त्यांचें नांव नारायण मल्हार जोशी. जन्म कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचा, १८७९ सालचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत. आणि समाजांत येण्यापूर्वीं आठएक वर्षें शाळामास्तरकी. आयुष्य फळ्यासमोर घालविलेल्या माझ्यासारख्याला ह्या शेवटच्या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला, तर श्रोते क्षमा करतील. १९११ सालीं मुंबईंत जोशी व त्यांचे सहकारी ह्यांनीं ‘सोशल सर्व्हिस लीग’ ही संस्था काढली. शहरांतील गरीब वस्तीची पाहणी करावी आणि तेथें शिक्षण, आरोग्य व सहकार ह्यांचें काम करावें, हा तिचा हेतु. रात्रीच्या शाळा, फिरतीं वाचनालयें, दवाखाने, जादूच्या दिव्याच्या साह्यानें दिलेलीं व्याख्यानें अशीं तिचीं साधनें होतीं.

पहिलें महायुद्ध संपत आलें, त्या सुमारास ह्या संस्थेकडे दोन मोठ्या पेढ्या आल्या. सर करीमभाई इब्राहीम ह्यांच्या पेढीनें आपल्या गिरण्यांतील कामगारांसाठीं एक कामगार-मंदिर उघडलें आणि तें चालविण्याचें काम लीगकडे सोंपविलें. टाटा सन्सनेंहि परळ भागांत तशीच संस्था काढून ती लीगच्याच हातीं दिली. खर्च पेढीचा, कार्यकर्ते लीगचे, आणि येणारे-जाणारे लोक गिरणीचे, अशी ही त्रिवेणी रचना होती. वाचनालय, रात्रीची शाळा, दवाखाना, खेळ आणि सहकारी पतपेढी हीं तेथील कामें. पतपेढीचें महत्त्व आज चटकन ध्यानांत येणार नाहीं. रत्नागिरी, सातारा, पुणे ह्या जिल्ह्यांतून आलेला गिरणीकामगार चाळीच्या एका खोलींत पांचदहा जणांबरोबर राही, पगार उशिरां मिळे, आणि मधल्या दिवसांत सावकाराशिवाय गत्यंतर नसे. अशा मनुष्याला हलक्या व्याजानें कर्ज देणारी त्याचीच संस्था म्हणजे औषधाच्या बाटलीइतकीच गरजेची वस्तु होती.

ह्या व्यवस्थेंत प्रत्येकाचा आपापला लाभ होता, आणि तो उघडपणें सांगण्यांत कांहीं वावगें नाहीं. मालकाला स्थिर व धडधाकट कामगार हवा होता. लीगकडे कार्यकर्ते होते, पण पैसा नव्हता. कामगाराला शिक्षण आणि औषध हवें होतें. आणि तें मुकादमाच्या हातून घेण्यापेक्षां तिऱ्हाइताच्या हातून घेणें त्याला सोपें जाई. ही तिसरी गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. मालकाच्या कचेरींत ज्या अडचणी कामगार बोलून दाखविणार नाहीं, त्या तो सेवासंस्थेच्या कार्यकर्त्याजवळ बोलतो. मध्यस्थ संस्थेचें खरें भांडवल हा विश्वास आहे, आणि तो पैशानें विकत मिळत नाहीं.

मुंबईबाहेरहि असेच प्रयोग झाले. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटा ह्यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू केली. तेथें एकोणिसाव्या शतकांतच निवृत्तिवेतनाचा निधि आणि अपघाताची भरपाई ह्यांची सोय झाली होती. पुढें कामगारांच्या वस्त्यांतील कल्याणकार्य ह्या गिरणीनें नागपूरच्या वाय. एम. सी. ए. ह्या संस्थेमार्फत चालविलें. जमशेदपूरला पोलादाचा कारखाना उभा राहिल्यावर तेथील कामगारांच्या हिताचें काम लावून देण्यासाठीं भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर, म्हणजेच ठक्करबाप्पा, कांहीं काळ तेथें जाऊन राहिले. पुण्याच्या समाजाचा सेवक बिहारांतील कारखान्यांत काम करतो, आणि त्याला बोलावणारा उद्योगपति मुंबईचा असतो, ही गोष्ट त्या काळीं देखील विलक्षणच होती.

श्रोतेहो, एथवर ही कथा गोड आहे. परंतु ह्यापुढील भागच अधिक शिकविणारा आहे.

१९१९ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांत लाखाहून अधिक कामगारांनीं संप केला. युद्धकाळांत धान्य व कापड ह्यांचे भाव चढले होते, आणि वेतन त्या मानानें वाढलें नव्हतें. १९२४ सालीं बोनस बंद केल्यावरून पुन्हां सुमारें दीड लाख कामगार बाहेर पडले. १९२५ सालीं वेतनांत शेंकडा साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली आणि आणखी एक मोठा संप झाला. तो सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चालला. वाचनालय होतें, दवाखाना होता, पतपेढीहि होती. पण पोटाला पुरेसें वेतन नसेल, तर ह्या सोयी कामगाराला घरीं बसवून ठेवूं शकत नाहींत, हें सर्वांना दिसून आलें.

हें सर्वांत आधीं कोणी ओळखलें असेल, तर तें जोशी ह्यांनीं. मालकांच्या पैशानें संस्था चालविण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला नव्हता. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधि म्हणून गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईंत लाला लजपतराय ह्यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन झालें. त्याच्या प्रमुख संस्थापकांत जोशी होते. जानेवारी १९२६ मध्यें त्यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांचा संघ स्थापिला. असें असूनहि त्यांनीं सोशल सर्व्हिस लीगचें काम सोडलें नाहीं. सेवा आणि संघटना ह्या त्यांना एकमेकींच्या सवती वाटल्या नाहींत. सेवेच्या जागीं सेवा हवी आणि वेतनाच्या जागीं वेतन. एकाच्या नांवावर दुसरें चुकवूं नये, एवढेंच त्यांचें आचरण सांगतें. ज्या डिलाईल रोडच्या आसपास त्यांचें आयुष्य गेलें, तो रस्ता आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो.

ह्या काळाचा आणखी एक धडा आहे. १९३० नंतरच्या मंदींत करीमभाईंची एवढी मोठी पेढी १९३३ च्या सुमारास बुडाली. जें सत्कार्य एका पेढीच्या तिजोरीवर उभें असतें, त्याचें आयुष्य त्या तिजोरीएवढेंच असण्याचा धोका असतो. म्हणून कामगारांचा स्वतःचा वांटा, मग तो लहान कां असेना, कार्याच्या पायांत असावा लागतो.

वांटा म्हटला कीं वेतनांतून कापून घेण्याचा प्रश्न येतो. त्या काळीं गिरण्यांत दंड आणि कपात ह्यांचा सुळसुळाट होता. उशीर झाला तर दंड, सूत बिघडलें तर दंड. १९२९ सालीं व्हिटली ह्यांच्या अध्यक्षतेखालीं कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. त्याचेहि जोशी सभासद होते. आयोगाचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याच्या अनुरोधानें १९३६ सालीं वेतन देण्यासंबंधींचा कायदा झाला. कोणती कपात करतां येईल हें त्या कायद्यानें नेमून दिलें, आणि दंडाची रक्कम कामगारांच्या हितासाठींच खर्च करावी असें बंधन घातलें. पुढें त्याच कायद्यांत पंतप्रधानांच्या राष्ट्रीय साहाय्यनिधीसाठीं वेतनांतून रक्कम घेण्याची तरतूद झाली, तेव्हां तीहि कामगाराच्या लेखी संमतीची अट घालूनच झाली. ह्या अटीमागें मोठा अनुभव आहे. मालकाच्या हातांत पगाराचें पुस्तक असतें, आणि समोर नोकरी जाण्याचें भय असतें. अशा स्थितींत तोंडी होकाराला फारसा अर्थ उरत नाहीं.

मुंबई राज्यानें १९५३ सालीं कामगार कल्याण निधीचा कायदा करून ह्याच विचाराला पक्कें रूप दिलें. दंडाची आणि न दिल्या गेलेल्या वेतनाची रक्कम ह्या निधींत जमा व्हावी, आणि तिचा विनियोग करणाऱ्या मंडळावर मालकांबरोबर कामगारांचेहि प्रतिनिधि असावेत, अशी ती योजना. कामगार कल्याण केंद्रांतील वाचनालयें, शिवणवर्ग आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा आपल्या परिचयाच्या आहेत. १९११ सालच्या लीगची कल्पना जणूं सरकारी इमारतींत राहावयास आली. फरक इतकाच कीं पूर्वीं कामगार नुसता येऊन बसत असे. आतां त्याला खुर्चीवर बसून मत देण्याचा अधिकार मिळाला.

हीच वाट परदेशांतहि लोकांनीं तुडविली होती. लंडनमध्यें १८७३ सालीं ‘हॉस्पिटल सॅटर्डे फंड’ निघाला. शनिवार हा कामगारांच्या पगाराचा वार. त्या दिवशीं कारखान्याकारखान्यांतून पेनी-पेनी गोळा करून ती धर्मार्थ रुग्णालयांना देण्यांत येई. तोंवर त्या रुग्णालयांचा कारभार मोठमोठ्या देणगीदारांच्या हातीं होता. कामगारांच्या पेन्यांची रास जसजशी वाढत गेली, तसतसे त्यांचे प्रतिनिधि अनेक रुग्णालयांच्या नियामक मंडळांवर बसूं लागले. ज्यानें पेनी दिली त्यानें हिशेब विचारला, आणि हिशेब विचारल्यामुळें त्याचें देणें आटलें नाहीं. उलट तें वर्षानुवर्षें चालूं राहिलें.

आतां आपल्या काळाकडे येऊं. २०१३ च्या कंपनी कायद्यानें, आणि १ एप्रिल २०१४ पासून प्रत्यक्ष, मोठ्या कंपन्यांवर सामाजिक कार्यासाठीं खर्च करण्याचें बंधन आलें. ज्या कंपनीचें निव्वळ मूल्य ५०० कोटि रुपये, किंवा उलाढाल १००० कोटि, किंवा निव्वळ नफा ५ कोटि वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम अशा कार्यास लावावी, असा हा नियम आहे. ह्यासच सी. एस. आर. असें म्हणतात. केवळ स्वतःच्या नोकरांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या हितासाठीं केलेला खर्च ह्या हिशेबांत धरला जात नाहीं, हें त्यांतील एक कलम ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ह्याचा अर्थ असा कीं शंभर वर्षांत चित्र उलटें झालें. लीगच्या काळीं कामगार हा घेणारा होता; आज त्याला देणारा म्हणून उभें केलें जात आहे. हा बदल मानाचा आहे. मात्र त्यांत एक गुंता दडलेला आहे. कंपनीचे २ टक्के हे कंपनीचें कायदेशीर देणें आहे. तें कामगाराच्या नांवावर मांडतां येत नाहीं. कामगाराचा सुट्टीचा दिवस, त्याचें रक्त, त्याच्या हातचें कौशल्य, त्याच्या पगारांतील शंभर रुपये हें त्याचें स्वतःचें देणें आहे. तें कंपनीच्या अहवालांत कंपनीचें म्हणून छापणेंहि तितकेंच अनुचित. दोन्ही खातीं वेगळीं ठेवलीं म्हणजे सेवा कोणाची हा प्रश्न बव्हंशीं आपोआप सुटतो.

दुसरा गुंता वेळेचा आहे. कारखान्याला एक दिवस सोईचा असतो. दुःखाला मात्र एका दिवसाची सोय कळत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असतां, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी भागांत भूकंप झाला आणि सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. त्या आठवड्यांत सबंध महाराष्ट्रांतून कपडे व धान्य ह्यांचे ढीग तेथें जाऊन पडले. भारतीय जैन संघटनेनें तेथील सुमारें १२०० मुलें पुण्यास आणलीं आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी अंगावर घेतली. त्यांचें वाघोलीचें संकुल ह्याच पुणें-नगर रस्त्यावर, रांजणगांवच्या अलीकडे, आहे. मुलांना वाढवावयाचें म्हणजे वर्षानुवर्षांचें काम. तें एका दिवसाच्या उत्साहानें होत नाहीं. दुसरें उदाहरण पाण्याचें. पाणी फाउंडेशननें २०१६ सालीं तीन तालुक्यांत पाणलोटाच्या कामाची स्पर्धा सुरू केली. १ मे २०१८ रोजीं, महाराष्ट्र दिनीं आणि कामगार दिनीं, शहरांतील लोकहि कुदळ-फावडें घेऊन खेड्यांतील शिवारांत उतरले. त्या एका दिवसाला अर्थ होता. कारण गांवांतील माणसांनीं आधीं प्रशिक्षण घेतलें होतें आणि शहरचे पाहुणे परतल्यावरहि काम करणारे हात तेथेंच होते. सेवासंस्थेला कारखान्याकडून गर्दीपेक्षां सातत्य हवें असतें. फिटर महिन्यांतून एकदां येऊन रुग्णालयाची यंत्रें पाहील, हिशेबनीस संस्थेचीं पुस्तकें लावून देईल, तर शंभर माणसांच्या एका दिवसाच्या झाडूकामापेक्षां त्याचा उपयोग अधिक होईल.

तिसरी गोष्ट सांगावयास थोडी कठीण आहे, पण टाळतां येत नाहीं. आजच्या औद्योगिक वसाहतींत कायम कामगारांइतकेच, कित्येक ठिकाणीं त्यांहून अधिक, कंत्राटी कामगार असतात. ते मराठवाड्यांतून, विदर्भांतून, उत्तरेकडील राज्यांतून आलेले असतात आणि आसपासच्या गांवांत खोल्या घेऊन राहतात. २०२० च्या टाळेबंदींत अशाच लोकांच्या रांगा देशभर रस्त्यांवर दिसल्या. सेवेच्या दिवशीं कायम नोकराला छापील सदरा मिळतो आणि कंत्राटी कामगार त्या दिवशींहि यंत्रावर उभा असतो, असें जर होत असेल, तर लोखंडे आणि जोशी ह्यांना तें रुचलें नसतें. परगांवच्या संकटाला मदत पाठविण्यापूर्वीं कुंपणाच्या आंतील मनुष्याची खोली, पाणी व औषध ह्यांची विचारपूस व्हावी. ती सेवा म्हणून मोजली जाणार नसेल तर न जावो. कर्तव्य म्हणून तर ती मोजली जाईल!

मग करावें काय? प्रत्येक कारखान्यांत ह्या कामासाठीं एक लहानशी समिति असावी. तींत कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि सेवासंस्थेचा मनुष्य ह्यांना स्थान असावें, आणि कोणत्या कार्यास हात लावावयाचा हें तिनें ठरवावें. वेतनांतून जी रक्कम घ्यावयाची ती लेखी संमतीनेंच घ्यावी. आणि ज्यानें नाहीं म्हटलें त्याचें नांव कोणाच्या डोळ्यांवर येऊं नये. जमाखर्चाचा कागद दर तिमाहीस फलकावर लागावा. आणि एका गांवाशीं, एका शाळेशीं, एका रुग्णालयाशीं निदान पांच वर्षें नातें ठेवावें. घोडनदीच्या खोऱ्यांतील ह्या कोरड्या तालुक्यांत अशा नात्याची वाट पाहणारीं गांवें कमी नाहींत.

लीगच्या पतपेढींत आठवड्याला चार आणे भरणारा गिरणीकामगार आज हयात नाहीं. पण आपल्या चार आण्यांचा हिशेब विचारण्याचा अधिकार त्याला होता, आणि त्या अधिकारामुळेंच ती पेढी त्याला परकी वाटत नव्हती. रांजणगांवच्या कारखान्यांत उद्यां जो तरुण आपला रविवार एखाद्या शाळेसाठीं देईल, त्यालाहि तोच अधिकार असावा, इतकेंच सांगून मी आपली रजा घेतों.